रंगामागचे आकडे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, हे तुम्हाला आठवत असेल. त्याचे फोटो आमच्या वडनेर भोलजीतही मोबाइलवर फिरले. काही जण थक्क झाले, तर काही म्हणाले, 'कॉम्प्युटरवर रंगवलं असेल.' ही शंका मला गैर वाटली नाही. पिकाच्या नुकसानीपासून सोयरिकीपर्यंत आज फोटोच पुरावा म्हणून पुढे येतो. त्यावर विश्वास किती ठेवायचा, हा आता तुमच्या-माझ्या घरातला प्रश्न आहे.

कॉम्प्युटरच्या लेखी चित्र म्हणजे उभ्या-आडव्या ओळींत मांडलेल्या बारीक चौकटी. अशी एक चौकट म्हणजे एक पिक्सेल. रंगीत फोटोत प्रत्येक चौकटीचे सहसा तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. अमेरिकेत रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवला, तो अवघ्या १७६ बाय १७६ चौकटींचा होता. आम्ही गझल लिहिणारे मात्रा मोजतो. मोजल्यामुळे शेर चांगला होत नाही, पण कुठे काय ढळलं ते सापडतं. पिक्सेलचंही तसंच.

हे आकडे वाचायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पायथन ही फुकट मिळणारी संगणकभाषा १९९१ पासून लोकांच्या हाती आहे. "मामू, हे बघा," म्हणत माझ्या भाच्याने पाच-सहा ओळी लिहिल्या. चित्र उघड, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक चौकट घे, तिचे आकडे सांग. मग त्याने एकच ओळ बदलली: लाल वाढव, हिरवा घटव. क्षणात आमच्या विहिरीचं पाणी गुलाबी! वाचणं आणि लिहिणं यांत अंतर आहे ते एवढंच, एका ओळीचं.

मग लोणारचं खरं कसं मानायचं? लँडसॅट ८ या उपग्रहाने सरोवर टिपलं २५ मे आणि १० जून २०२० रोजी. तो दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याच्या चित्रातली एक चौकट जमिनीवर तीस मीटरची असते, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीच्या या सरोवरात आडव्या चाळीसेक चौकटी बसतात. लँडसॅटची चित्रं २००८ पासून कुणालाही मोफत मिळतात. दोन्ही तारखांच्या त्याच चौकटींचे आकडे शेजारी ठेवायचे. सोबत काठावरच्या जमिनीच्या चौकटीही तपासायच्या. जमिनीचे आकडेही तसेच सरकले असतील, तर फरक उन्हाचा किंवा धुक्याचा. फक्त पाण्याचे सरकले, तर बदल पाण्यातच झाला.

मात्र बदल का झाला, ते पिक्सेल सांगत नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत न्यावे लागले. खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असं तिथे आढळलं.

तेव्हा श्रोतेहो, दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलवरून पुढे पाठवलेला फोटो बहुधा दाबून लहान केला जातो, तेव्हा त्यातले आकडे बदलतात. म्हणून महत्त्वाच्या फोटोची कॅमेऱ्यातली मूळ प्रत जपून ठेवा. आणि फोटोत काही बदल करायचाच असेल, तर तो नव्या नावाच्या प्रतीत करा, काय बदललं तेही लिहून ठेवा. रंगवणं हा गुन्हा नाही. रंगवलेलं अस्सल म्हणून पुढे करणं, हा मात्र आहे.