यंत्राच्या चाळणीतील अर्ज
(प्रतापगड येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



महाशिवरात्रीस महादेवाच्या दर्शनाला आणि उर्सास दर्ग्यावर ज्या प्रतापगडी लोकांची रीघ लागते, तेथील मुले आज नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे अर्ज धाडतात. तो अर्ज पुष्कळदा प्रथम माणूस वाचीतच नाही. एआय एजंट हा जणू संगणकातला मुनीम आहे. तो जाहिरात लिहितो, अर्ज चाळतो, मुलाखतीची वेळ ठरवितो आणि कोणाचा अर्ज कोठवर आला याची नोंद ठेवतो. यामुळे श्रम वाचतात, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु हा मुनीम ज्या जुन्या वह्यांवरून शिकतो, त्यांतील पक्षपातही तो उचलतो. अ‍ॅमेझॉन कंपनीत असे एक यंत्र दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकविले गेले. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक, म्हणून ते स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागले. अखेर कंपनीने ते टाकून दिले. ही हकीकत २०१८ साली प्रसिद्ध झाली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरतीची यंत्रे अतिजोखमीच्या वर्गात घालून त्यांवर माणसाची देखरेख असावी, असा दंडक घातला.

गाव आणि आडनाव पाहून माणूस पारखण्याची खोड समाजात आहेच. ती यंत्रात उतरू नये. म्हणून उमेदवारांनी आपले शिक्षण व अनुभव जाहिरातीतील शब्दांशी जुळतील असे स्पष्ट लिहावेत. खोटे मात्र काही लिहू नये. आपल्यातील जे व्यवसायी नोकर नेमतात, त्यांनी चाळणी खुशाल यंत्राकडे द्यावी. पण नकार देण्यापूर्वी तो अर्ज स्वतः वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.