वंशावळीतील एक रिकामी ओळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत नुंगंबाक्कम येथे केलेले भाषण)



येथून फोर्ट सेंट जॉर्ज फारसे दूर नाही. त्या किल्ल्यातील सेंट मेरी चर्च १६८० साली उघडले. तेथे १८ फेब्रुवारी १७५३ रोजी रॉबर्ट क्लाइव्ह याचा मार्गारेट मास्कलिन हिच्याशी विवाह झाला. क्लाइव्हविषयी आम्हांस ममत्व वाटावे असे काही नाही. परंतु त्या नोंदीमुळे वधूचे माहेरचे आडनाव टिकले, याचे कौतुक वाटते. त्या आडनावाचा धागा धरला की मद्रासेतील तिचा भाऊ एडमंड, दुसरा भाऊ इंग्लंडचा राजज्योतिषी नेव्हिल, आणि मागे विल्टशायरमधील त्यांचे घराणे, अशी वाट सापडत जाते. इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवू लागले. सरकारी नोंदणी आली ती १८३७ साली. त्यामुळे सरदारांबरोबर साध्या शेतकऱ्याचीही नावे उरली.

आपल्याकडे लिहून ठेवण्याची चाल नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. तंजावरास दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाची हकीकत मराठीत कोरविली. सामान्यांसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्याच.

आमच्या घराण्याचे पान नाशिकच्या अशाच एका वहीत आहे. पणजोबांची मोडी सही उपाध्यायांनी वाचून दाखविली तेव्हा कंठ दाटून आला. सात पिढ्यांचे पुरुष तेथे ओळीने लिहिलेले आहेत. पणजी मात्र केवळ 'लक्ष्मी', आणि तेही सासरी ठेवलेले नाव. ती कोणत्या गावची, कोणाची लेक, हे आज आमच्यापैकी कोणासही ठाऊक नाही. तिने घालून दिलेल्या मापाने आमच्या घरी अजून गोडा मसाला होतो! घरात एका आत्याबाईंना सारे माहीत होते. या खेपेस विचारू, पुढच्या खेपेस विचारू, असे म्हणता म्हणता त्या गेल्या.

या ग्रंथाचे शेवटचे पान मंडळाने मुद्दाम कोरे ठेविले आहे. घरातील सर्वांत वडील स्त्रीपाशी बसून तिचे, तिच्या आईचे व आजीचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव त्यावर लिहावे. साल आठवत नसेल तर 'प्लेगच्या वर्षी' एवढेही पुरे. नातवंडांना देवनागरी येत नसेल तर शेजारी तमिळ अक्षरांत लिहावे. त्यात कमीपणा नाही.

आमच्या पानावर पणजीची ओळ आम्ही रिकामी सोडली आहे.