मूकपटातलं पहिलं प्रेम

बोईसर-तारापूरच्या शाळांनी आठवी-नववीच्या मुलांना बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा 1924 सालचा मूक विनोदपट दाखवावा, असा माझा आग्रह आहे. कारखान्यांमुळे इथे मराठी, वारली, गुजराती, हिंदी अशा अनेक बोलींची घरं शेजारी नांदतात आणि मूकपट सगळ्यांना सारखाच कळतो. पण मुख्य कारण वेगळं आहे. कुणीतरी पहिल्यांदा आवडू लागलं की पोराची जी तारांबळ उडते, ती या चित्रपटाने फार मायेने टिपली आहे. नायक सिनेमागृहात यंत्र चालवतो, झाडूही मारतो. खिसा रिकामा, म्हणून एक डॉलरच्या चॉकलेटच्या डब्यावर एकाचा चार करतो. अंगठीतला खडा इतका बारीक, की तो पाहायला मुलीच्या हाती भिंग देतो. तिचा हात धरतानाही बिचकतो. पुढे त्याच्यावर घड्याळचोरीचा आळ येतो. तो यंत्रापाशी झोपून स्वप्नात मोठा गुप्तहेर होतो, आणि खरा छडा लावते ती मुलगी, गहाणवटीच्या दुकानात स्वतः जाऊन. मला हे फार मोलाचं वाटतं.

असं दाखवून मुलं बिघडतील, अशी पालकांची शंका असेल. पण प्रेमात कसं वागायचं हे मुलं पडद्यावरूनच उचलतात, आज तर हातातल्या मोबाइलवरून. तिथला नायक मुलीच्या मागे लागतो आणि तिच्या नकारालाच होकार समजतो. कीटनने ही नक्कलच शेवटी दाखवली आहे. मुलगी समोर उभी असते आणि त्याचा नायक यंत्राच्या खोलीतल्या झरोक्यातून पडद्यावरच्या नायकाकडे बघत, तो करील तसं करतो. मात्र त्या नायकाच्या मांडीवर एकदम बाळं दिसतात, तेव्हा हा डोकं खाजवत राहतो. वर्गात बोलायला याहून चांगली जागा कुठली?

आपलाच मूकपट का नको, असंही कुणी विचारील. फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ (1919) जरूर दाखवावा. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पण तिथे बाळकृष्णाच्या खोड्या आहेत, वयात येणाऱ्या मुलाचा संकोच नाही. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले, त्यामुळे निवडीला वावही थोडाच. कीटनचा चित्रपट जेमतेम पाऊण तासाचा आहे. दोन तासिका जोडल्या तर पाहून बोलायलाही वेळ उरतो.