पिल्लांचा पार्व्हो
उलट्या आणि रक्ताची, उग्र वासाची हगवण लागलेलं, लस न टोचलेलं कुत्र्याचं पिल्लू दवाखान्यात आलं की डॉक्टरांना पहिली शंका येते पार्व्होची. 1978 मध्ये ओळखला गेलेला हा विषाणू आतड्याचं अस्तर सोलवटतो, पांढऱ्या पेशी घटवतो. त्याला मारणारं हमखास औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि ऊब यांवर पिल्लाला तगवावं लागतं. वेळेत आणलेली पुष्कळ पिल्लं खरोखर वाचतात. लस 6 ते 8 आठवड्यांपासून 16व्या आठवड्यापर्यंत, दर 3-4 आठवड्यांनी द्यावी लागते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं सुरुवातीचे डोस निष्प्रभ करू शकतात. म्हणून एकाच डोसवर थांबणं फार धोक्याचं. विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. घरातली फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसावी.