जुन्या गाडीचा आरसा: आधी दिसणं, मग टिकणं, मग चमकणं

आज आपण जुन्या गाडीच्या बाहेरच्या आरशाबद्दल बोलणार आहोत. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात २०१४पर्यंत बनत असलेली ॲम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनलेली पद्मिनी. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावला किंवा हैदराबादला असा, यातली एखादी गाडी तुमच्या घरी, शेजारी किंवा निदान टॅक्सी म्हणून तुमच्या आयुष्यात आलेली असणारच.

अशी गाडी पुन्हा उभी करताना इंजिन होतं, पत्रा होतो, रंग होतो. आरसा मात्र सगळ्यात शेवटी क्रोमवाल्याकडे टाकून चकचकीत करून आणतात. माझं म्हणणं असं की गाडीवरच्या चमकणाऱ्या भागांपैकी मागून येणारा ट्रक दाखवणारा भाग हा एकच. म्हणून कामाचा क्रमही तसाच हवा. आधी नीट दिसलं पाहिजे, मग आरसा जागेवर टिकला पाहिजे, आणि चमक त्यानंतर.

आरसा खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. काच तडकली असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावा आणि हातमोजे घाला. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. जोर लावलात तर स्क्रूचं डोकं उडेल आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होईल.

आता काच. काळे डाग कडेने आत सरकत आले असतील तर आपण म्हणतो, पारा उडाला. शब्द जुना आहे, कारण पूर्वी आरशामागे खरोखरच कथील आणि पारा असायचा. आता तिथे चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. कडेने ओल शिरली की तो खराब होतो. काच अखंड असेल तर जुना थर काढून नवा चढवता येतो. तडकली असेल तर नवी काच कापून घ्यायची.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. जुन्या काचेवर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टी सगळीकडे टेकली तर काच सपाट आहे. मधे टेकून कडांना फट राहिली तर ती बहिर्वक्र, म्हणजे फुगीर आहे. फुगीर काचेत जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी लहान आणि आहे त्यापेक्षा लांब वाटते. ड्रायव्हरचा अंदाज त्या काचेवर बसलेला असतो. काचेचा प्रकार बदलला आणि कुणाला सांगितलं नाही, तर ओव्हरटेक करताना तो अंदाज चुकतो. म्हणून सपाट असेल तिथे सपाट आणि फुगीर असेल तिथे फुगीरच बसवा. फुगीर काच दुसऱ्या मोठ्या फुगीर आरशातून कापून मिळते.

जाडीही जुन्या काचेइतकीच घ्या. घरातल्या आरशाची जाड काच रिंगमध्ये दाबून बसवली की काही दिवसांत तडकते. कडा घासून त्यांवर रंगाचा हात द्या, म्हणजे ओल शिरणार नाही. चिकटवायला आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल मागचा थर खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा.

दुसरी गोष्ट टिकण्याची. आरशाच्या वाटीला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर वाटी पत्र्याची आहे. नाही चिकटला तर आतून किंवा जिथे प्लेटिंग उडालं आहे तिथे बघा. पिवळट असेल तर पितळ, निळसर राखाडी आणि ठिसूळ असेल तर जस्ताचा ओतीव मिश्रधातू. पत्रा आणि पितळ आतून लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून सरळ होतं. जस्ताच्या ओतीव भागावर हातोडी चालवली की तुकडे पडतात. शुद्ध जस्तच ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे गॅसची ज्योत लावली की भाग हातचा गेलाच. तिथे आतल्या बाजूने इपॉक्सी भरणं बरं.

सांध्यातली गोळी आणि स्प्रिंग साफ करा. स्प्रिंग सैल झाली असेल तर बदला. आरसा खड्ड्यात मान टाकत असेल तर त्याची चमक काय कामाची? आरशाचा पाय आणि दरवाजा यांच्यामध्ये रबर हवंच. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना लागले की त्यातला एक झपाट्याने खराब होतो.

आता चमक. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरी झळाळी त्याच्याखालच्या निकेलची आणि त्याच्याही खालच्या गुळगुळीत धातूची असते. म्हणून जोरात बफिंग केलं तर क्रोम निघून जातं. पत्र्यावरचे बारीक गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा, बरंचसं निघतं. फोड आले असतील तर पुन्हा प्लेटिंग करावंच लागतं, आणि खड्डे तांब्याने भरून घासले नाहीत तर ते नव्या क्रोममधूनही दिसतात. क्रोम चढवण्याच्या पारंपरिक पद्धतीतलं रसायन कॅन्सरला कारण ठरू शकतं. व्हिडिओ बघून हे घरी करायला जाऊ नका. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

बाजारात नवी नक्कल मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. वाटीचे तुकडे झाले असतील तर नक्कल जरूर घ्या, किंवा मुंबईचा चोरबाजार, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट धुंडाळा. पण ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आता सुटे भाग वाढणार नाहीत, कमीच होणार. म्हणून जुना भाग नीट होण्यासारखा असेल तर तो भंगारात टाकू नका, आणि टाकायचाच असेल तर त्यातले स्क्रू, रिंग, स्प्रिंग तेवढे डब्यात ठेवा. दुसऱ्या कुणाच्या तरी आरशाला लागतील.

आरसा बसवून झाला की ड्रायव्हरच्या जागी बसा. एकाला गाडीच्या मागून चालत पुढे यायला सांगा. तो आरशातून कुठे दिसेनासा होतो, ते बघून घ्या आणि जो जो ती गाडी चालवणार आहे, त्याला दाखवा. त्यानंतर फडकं घेऊन खुशाल क्रोम पुसत बसा.