रेंज गेली आणि बाबा बोलायला लागले

हेडफोन लावलेत ना? आज पाहुणा नाही, आज फक्त मी आहे आणि एक छोटीशी सहल आहे. माझी आणि बाबांची.

झालं असं, की फेब्रुवारीत मी पुण्याहून घरी साताऱ्याला गेले होते. चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास चाललाय माझा. दोनदा पूर्वपरीक्षा पास, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा बाहेर. यावेळी मनाशी ठरवलं होतं, आता बास. फक्त बाबांना कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं. घरी विषय काढायला जावं, तर आई चहा घेऊन येते, नाहीतर टीव्ही चालू असतो.

मग मीच म्हटलं, "बाबा, बामणोलीला जाऊया? बोटीतून फिरू." ते लगेच तयार झाले. आईने भाकरी, पिठलं, खर्डा आणि दह्याचा डबा बांधून दिला.

साताऱ्याहून कासमार्गे गाडी उतरत उतरत बामणोलीला जाते. समोर शिवसागर जलाशय, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. धरण १९६४ साली पूर्ण झालं आणि पाणी मागे जवळजवळ पन्नास किलोमीटर पसरलं. इथून बोटी वासोट्याला जातात, तापोळ्याला जातात, संगमावरही जातात. आम्ही संगम निवडला.

बोटवाल्या मामांनी लाइफ जॅकेट पुढे केलं, तर बाबा म्हणाले, "मला कशाला? मला पोहता येतं." मामा हसले नाहीत की वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "पोहता येणाऱ्यालाच आधी देतो साहेब. जॅकेट घातल्याशिवाय इंजिन चालू करत नाही." बाबांनी गुपचूप पट्टे आवळले. नारंगी जॅकेटमध्ये ते इतके गोड दिसत होते! मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकायला गेले, तर रेंज गायब.

बोट मध्यावर आली तेव्हा बाबांनी खाली पाण्याकडे बोट दाखवलं. "आपलं गाव इथंच कुठंतरी आहे."

मला माहीत होतं, की आमचं जुनं गाव धरणात गेलं. पण ते मी असं ऐकलं होतं, जसं इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. बाबांचा जन्मही त्यानंतरचा. त्यांनाही सगळं आजीकडूनच कळलेलं.

ते सांगू लागले. "पाणी चढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक सामान हलवत होते. आणि तुझ्या आजोबांनी त्या पावसाळ्यात परत भात लावला. आजी ओरडली, अहो, कापायला मिळणार आहे का? ते म्हणायचे, बघू. लोंब्या आल्या आणि खाचरात पाणी शिरलं. मग निघाले. सगळ्यात शेवटी."

मी विचारलं, "चुकलंच ना त्यांचं?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेहनत वाया गेली, ते खरं. पण आजी म्हणायची, त्यांनी निघाल्यावर कधी मागं वळून पाहिलं नाही. लावून बघितला होता ना."

आणि मग, मंडळी, मी सांगून टाकलं. इंजिनाच्या आवाजात, जवळजवळ ओरडतच. "बाबा, मी यंदा फॉर्म भरणार नाहीये."

ते म्हणाले, "काय?" मला परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना रडूच आलं.

बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. दिवाळीत तू पुस्तकं आणली नव्हतीस." मग जरा थांबून, "वाईट वाटतंय मला, खोटं कशाला बोलू? पण चार वर्षं तू लावून बघितलंस. आता पुढं काय करायचं ते सांग. नुसतं सोडलं म्हणू नकोस."

संगमावर काठाला बसून आम्ही जेवलो. कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी तिथं एकत्र येतं. मी त्यांना जीआयएसच्या कोर्सबद्दल सांगितलं. त्यांना निम्मं कळलं नाही, पण फी किती, ते बरोबर विचारलं!

परतताना रेंज आली. ग्रुपवर फोटो गेला. आईचा पहिला रिप्लाय, "पिठलं पुरलं का?"

तुम्ही गेलात तर दोन गोष्टी करा. रोख पैसे जवळ ठेवा आणि जॅकेटचे पट्टे नीट आवळा, पोहता येत असलं तरी.

आणि घरी सांगायचं राहून गेलेलं काही असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. किंवा आधी त्यांनाच सांगा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!