गोठ्यातले कलाभांडार

कलासंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातील दगडी इमारत, काचेची कपाटे आणि दारावरचा पहारेकरी उभा राहतो. आज मी आपणांस ज्या संग्रहालयाची ओळख करून देणार आहे, ते एका गोठ्यात सुरू झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीक पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत श्री. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले व त्यास 'ठाकर आदिवासी कला आंगण' असे नाव दिले.

चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची रंगविलेली चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरावयाची आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथा सांगावयाची, ही चित्रकथीची रीत. चित्रांच्या अशा एका संचाला पोथी म्हणतात. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ही कला वाढली आणि देवळांतून रुजली. पुढे राजाश्रय ओसरला, चित्रपट आला, आणि रात्रभर बसून कथा ऐकणारा श्रोता उठून गेला. कलावंत पोटासाठी दुसऱ्या कामाला लागले. जुनी पाने काही जीर्ण झाली, काही संग्राहकांच्या हाती गेली.

कोणी विचारील, ही पाने शहरातच अधिक सुरक्षित राहणार नाहीत काय? मग खेड्यात हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर असे की, चित्रावर कथा लिहिलेली नसते. ती सांगणाऱ्याच्या कंठात असते. कोणत्या पानाशी थांबावे, कोठे स्वर चढवावा, हे मुलगा बापाशेजारी बसूनच शिकतो. सांगणारा गेला तर जपून ठेवलेले चित्रही मुके होते.

परंतु असे केंद्र चालविणे केवळ उत्साहाने साधत नाही. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात कागद आणि चामडे बुरशीपासून जपावे लागते, आणि नेमके त्याच दिवसांत पाहुणे कमी येतात. प्रवेशमूल्यावर घर चालत नाही. म्हणून प्रयोग करावे, चित्रे विकावी, शिकवावे लागते. पाहुण्याला घाई असते, म्हणून आख्यान दहा मिनिटांत आटोपावेसे वाटते. त्यात दोष कोणाला द्यावा? त्यावरच चूल पेटते. मात्र वर्षातून काही रात्री तरी गावकऱ्यांपुढे पुरे आख्यान झाले पाहिजे. नाहीतर आखूड केलेली कथा हीच खरी कथा, असे पुढची पिढी समजेल.

२०२१ साली श्री. गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातल्या उद्योगाचा हा गौरव उचितच होय. तथापि सन्मानाने कला जगत नाही. तिला श्रोता लागतो. गोव्याहून मुंबईच्या वाटेला लागणारे आपल्यापैकी कितीतरी जण कुडाळवरून जातात. त्यांनी एकदा वाट वाकडी करावी, आणि तेथे बसल्यावर घड्याळाकडे न पाहता पुरे आख्यान मागावे, एवढीच विनंती.